आपल्या ठेक्याची स्टाइल

कीबोर्डवर डाव्या हाताने सी मेजर कॉर्ड धरला आणि स्टार्टचं बटण दाबलं, की ड्रम, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज सगळे एकदम सुरू होतात. हात एफवर नेला की सगळा ताफा एफवर येतो. ज्याच्या घरी नवा कीबोर्ड आला आहे, त्याला पहिले काही दिवस याचं अप्रूप पुरतं. मग तो एखादं भावगीत, एखादा अभंग किंवा गवळण वाजवायला घेतो आणि अडतो. ‘एट बीट’ लावलं तर गाणं ताठ चालतं, ‘बॅलड’ लावलं तर पसरतं, आणि ‘इंडियन’ या नावाखाली जे असतं ते बरेचदा भांगड्याचं किंवा हिंदी सिनेमातल्या नाचगाण्याचं. शेकडो स्टाइल भरलेल्या वाद्यात आपल्या गाण्याला साजेशी एक सापडत नाही. मग त्यातल्या त्यात जवळची स्टाइल लावून गाणंच तिच्या मापात बसवलं जातं. हे मला कधीच पटलं नाही. साथ गाण्यासाठी असते, गाणं साथीसाठी नसतं. म्हणून स्वतःची स्टाइल स्वतः बनवायला शिकावं, आणि त्यासाठी हे पुस्तक आहे.

आधी स्टाइल म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. ऑक्टोपॅडवर किंवा पेनड्राइव्हवर तबल्याचे जे लूप वाजवले जातात, ते ध्वनिमुद्रण असतं. स्टाइलमध्ये सहसा आवाज नसतोच, सूचना असतात: कोणता सूर, कधी, किती जोराने, किती वेळ. यामाहाची स्टाइल फाइल उघडून पाहिली तर आत एक मिडी फाइल असते आणि तिला जोडलेला नियमांचा एक तक्ता असतो. जाणकार त्याला ‘कॅझम’ म्हणतात. पार्ट आठ: दोन रिदम, एक बेस, दोन कॉर्ड, एक पॅड, दोन फ्रेज. ते मिडीच्या ९ ते १६ या चॅनेलवर बसतात. सेक्शन म्हणजे इंट्रो, मेनचे ए ते डी असे चार प्रकार, फिल-इन, ब्रेक आणि एंडिंग. काय वाजवायचं ते मिडी सांगते. वादकाने कॉर्ड बदलला की त्या वाजवण्याचं काय करायचं, ते तक्ता सांगतो. कोर्गच्या पीए मालिकेत आणि कॅसिओत नावं वेगळी आहेत, पार्टची वाटणी थोडी वेगळी आहे. मूळ कल्पना तीच. या पुस्तकातली उदाहरणं यामाहाच्या पीएसआर-एस आणि एसएक्स मालिकांवर बेतली आहेत, कारण माझा हात त्यांवर बसलेला आहे. बऱ्याच स्वस्त वाद्यांत बाहेरची स्टाइल भरता येते, पण वाद्यावरच बनवता येत नाही. अशा वाचकांसाठी संगणकावर स्टाइल तयार करण्याची पद्धतही दिली आहे.

एकट्या वादकाला यंत्राची साथ मिळावी, ही कल्पना जुनी आहे. १९५९ साली अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीने ‘साइडमॅन’ नावाचं तालयंत्र काढलं. घरी ऑर्गन वाजवणाऱ्याला टँगो, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट असे ठेके त्यात तयार मिळत. आत एक चकती फिरे आणि ठेका घडवे. जानेवारी १९८० मध्ये कॅसिओने आपला पहिला कीबोर्ड, कॅसिओटोन २०१, बाजारात आणला. पुढच्याच वर्षी त्यांचा एमटी-४० हा छोटा कीबोर्ड आला आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट घडली, जी स्टाइल बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. एमटी-४० मधले ठेके आणि त्यांची बेस लाइन बसवण्याचं काम हिरोको ओकुदा या नुकत्याच कंपनीत आलेल्या तरुणीकडे होतं. ती तोक्योतल्या कुनिताची संगीत महाविद्यालयात शिकलेली, आणि तिचा अभ्यासाचा प्रबंध जमैकाच्या रेगे संगीतावर होता. तिने ‘रॉक’ या नावाखाली एक ठेका बसवला. १९८५ मध्ये जमैकात वेन स्मिथ या गायकाने आणि प्रिन्स जॅमी या निर्मात्याने तोच ठेका उचलून ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणं केलं. त्यानंतर त्या एका ठेक्यावर शेकडो गाणी झाली आणि जमैकाच्या संगीताची चाल बदलली. बटणावर रॉक लिहिलेलं होतं, पण बनवणारीच्या कानात रेगे मुरलेला होता आणि जमैकाच्या लोकांना तो ऐकू आला.

माझं सगळं म्हणणं या गोष्टीत आहे. स्टाइलमध्ये बनवणाऱ्याचं ऐकणं उतरतं. कंपनीत बसलेल्या माणसाने आयुष्यभर जे ऐकलं ते त्याच्या ‘एट बीट’मध्ये येतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याने भजनी मंडळ ऐकलेलं नाही, फडावरची ढोलकी ऐकलेली नाही. आपण ऐकली आहे. मग ती आपण लिहायला हवी. आपल्याकडे असं काम एका माणसाने फार आधी करून दाखवलं आहे. मुंबईत सिनेसंगीतात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांची १९८२ मध्ये एक रेकॉर्ड निघाली, तीत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेले होते. त्यांनी वापरलेलं रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र मुळात एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात त्यांनी भूप, ललत, मालकंस यांचे सूर भरले. रेकॉर्ड त्या वेळी फारशी चालली नाही. पण यंत्रात आधीपासून काय आहे यापेक्षा आपण त्यात काय घालतो हे मोठं, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, आणि एकाच ठेक्याजवळ थोडा थांबतो. केरवा. धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा. चार-चारच्या एका बारमध्ये त्या प्रत्येक बीटला दोन अशा बसतात. आता पाश्चात्त्य ‘एट बीट’ काय करतो ते पाहा: बेस ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या बीटवर, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर. तिसरी बीट म्हणजे केरव्याची पाचवी मात्रा, म्हणजे खाली. तबलजी बायाँचा घुमारा पहिल्या दोन मात्रांवर देतो, तिसरीपासून तो बंद ठेवतो, सहाव्या मात्रेवर ‘क’चा कोरडा, दाबलेला हात पडतो, आणि सातव्या ‘धि’वर बायाँ पुन्हा बोलतो. मधल्या त्या मोकळ्या जागेमुळे गाणं श्वास घेतं. एट बीटमध्ये नेमका तिथेच बेस ड्रमचा ठोका पडतो आणि त्याच्याबरोबर बेस गिटारही उतरते. भावगीत ‘ताठ’ वाटतं ते यामुळे. लय बरोबर असते, मात्रा बरोबर असतात, फक्त जिथे गप्प राहायचं तिथे यंत्र बोलत असतं.

म्हणून केरव्याची स्टाइल बनवताना मी रिदमच्याही आधी बेसचा पार्ट ठरवतो. बायाँ बोलतो तिथे बेस बोलेल, बायाँ बंद तिथे बेसचा सूर तोडलेला असेल. सूर नुसता कमी जोराचा करून चालत नाही, त्याची लांबीच कापावी लागते. नाहीतर पहिल्या मात्रेचा सूर ओढत खालीवर येऊन बसतो. एवढं केलं की तबल्याचा आवाज वाद्यात फार चांगला नसला तरी ठेका केरव्यासारखा वाटायला लागतो. उलट उत्तम तबल्याचं किट असेल आणि बेस एट बीटचाच असेल, तर काही केल्या जमत नाही.

तबला किटमध्ये एकेका पट्टीवर एकेक बोल असतो. ‘धा’ स्वतंत्र असला तरी मी तो वापरत नाही; ‘ना’ आणि ‘घे’ एकत्र दाबून धा करतो, कारण मग दोन्ही हातांचा जोर वेगळा ठेवता येतो. आणि त्या दोन्ही हातांना दोन वेगळे पार्ट देतो, दायाँ रिदम एकमध्ये, बायाँ रिदम दोनमध्ये. त्याचं कारण मिडीच्या रचनेत आहे. पिच बेंड एका सुराला लागत नाही, सगळ्या चॅनेलला लागतो. बायाँवर मनगट सरकवून तबलजी जो घे वाकवतो, तो तसा काढायचा म्हणून बेंड दिला आणि दायाँ त्याच चॅनेलवर असला, तर चाटीचा सूरही हलतो आणि ऐकणाऱ्याला तबला उतरल्यासारखा वाटतो. काही वाद्यांत ड्रम किटला बेंड लागतो, काहींत नाही. हे आपल्या वाद्यावर आधी तपासावं. किटमध्ये वाकवलेल्या घेचा वेगळा आवाज दिलेला असेल तर बेंडच्या भानगडीत न पडता तोच घ्यावा.

जोराबद्दल आणि क्वांटाइझबद्दल पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. मिडीत जोर १२७ पर्यंत मोजतात. नवशिक्याच्या स्टाइलमध्ये सगळे ठोके शंभरच्या आसपास सापडतात. खऱ्या ठेक्यात समेचा धा आणि मधला ‘न’ यांत निम्म्याहून जास्त फरक असू शकतो. क्वांटाइझ केलं की प्रत्येक ठोका रेघेवर येऊन बसतो; ते पहिल्यांदा जरूर करावं, पण मग काही ठोके हाताने पुन्हा किंचित मागेपुढे न्यावेत. या वाद्यांत एका बीटचे १९२० भाग पाडलेले असतात. ९० च्या लयीत ४० भाग म्हणजे साधारण १४ मिलिसेकंद. एवढाच ‘ना’ मागे नेला तरी ठेका रेलून बसतो.

ढोलकीचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याबद्दल कुठे लिहिलेलं वाचायला मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. ढोलकीचं शाईचं पान सुरात लागलेलं असतं. लावणी सुरू होण्याआधी वादक गायिकेचा सूर घेतो, पाना फिरवून नट आवळतो, बोटाने वाजवून कान लावतो, पुन्हा आवळतो. ती शाई गाण्याच्या सुरातच वाजते; लावणीतला तो टणक, चढा आवाज नुसता ताल देत नाही, षड्जही सांगत असतो. कीबोर्डवर मात्र ट्रान्सपोजचं बटण दाबलं की बाकी सगळे पार्ट हलतात, ड्रम किट जागेवरच राहतं. किटचा हिशेब असा की ड्रमला सूर नसतो. म्हणजे पांढरी एकमध्ये छान लागलेली ढोलकी गायिकेने काळी चार सांगताच बेसूर होते, आणि नेमकं काय बिघडलं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यावर उपाय दोन. किटमधल्या शाईच्या आवाजाचा सूर स्वतंत्रपणे वरखाली करता येत असेल, तर नेहमीच्या तीन-चार पट्ट्यांसाठी एकाच स्टाइलच्या वेगळ्या प्रती करून ठेवाव्यात. नाहीतर शाई हा आवाज ड्रम किटमधून काढून साध्या, सुरेल व्हॉइससारखा फ्रेज पार्टमध्ये ठेवावा आणि तक्त्यात त्याला कॉर्डबरोबर हलायला मनाई करावी. मग तो ट्रान्सपोजबरोबर जातो, पण डाव्या हाताने कॉर्ड बदलला तरी षड्ज सोडत नाही. धुमाचं पान रिदममध्येच राहू द्यावं.

ही ‘मनाई’ ज्या दोन नियमांनी होते, ते कॅझमच्या तक्त्यातले सर्वांत महत्त्वाचे नियम आहेत: एनटीआर आणि एनटीटी. एनटीआर सांगतो की कॉर्डचा मूळ सूर बदलला तर पार्टने सरकायचं की जागेजवळ राहायचं. एनटीटी सांगतो की मेजरचा मायनर झाला तर कोणता सूर कशात बदलायचा. तानपुऱ्याला आणि स्वरमंडळाला ‘रूट फिक्स्ड’ आणि ‘बायपास’ ही जोडी द्यायची. मग तुम्ही कोणताही कॉर्ड धरा, तानपुरा सा-पच बोलेल. हे न करता तानपुरा साध्या कॉर्डच्या नियमावर सोडला, तर तो प्रत्येक कॉर्डला वेगळ्या षड्जावर उडी मारतो. असा तानपुरा ऐकून मला फार वाईट वाटतं. ज्या सुरावर सगळं उभं आहे, तोच पळत असतो.

रागाशी जवळीक असलेल्या गाण्यात आणखी एक जपावं लागतं. यामाहाच्या पद्धतीत मूळ नमुना सी मेजर सेव्हन या कॉर्डात वाजवून भरतात. त्या कॉर्डात सा, ग, प यांच्याबरोबर शुद्ध निषाद आहे. भूपाच्या वळणाच्या चालीला हा निषाद खुपतो, कारण भूपात नी नाही आणि मही नाही. म्हणून पॅड आणि कॉर्ड पार्ट भरताना हातातून निषाद काढून टाकावा. कॉर्ड पूर्ण भरण्याचा मोह आवरला तर एकच स्टाइल दहा गाण्यांना चालते. कोणत्या रागाच्या अंगाने जाणाऱ्या चालीला कोणते सूर मोकळे सोडावेत, याचा तक्ता पुस्तकात आहे. तो नियम म्हणून पाळू नये. गाणं ऐकून बदलावा.

फिल-इन ही जागा तिहाईसाठी आहे असं माझं ठाम मत आहे. फिल-इन एकाच बारचा असतो. केरव्याच्या हिशेबात त्या आठ मात्रा. ‘ति ट धा’ हा तीन मात्रांचा तुकडा तीनदा घेतला तर नऊ मात्रा होतात. म्हणजे शेवटचा धा फिल-इनमध्ये मावत नाही, तो पुढच्या मेनच्या पहिल्या मात्रेवर पडतो. इथे कळतं की चारही मेनच्या पहिल्या मात्रेवर तसाच भरीव धा असायलाच हवा, नाहीतर तिहाई हवेत राहते. मेन डी जोरकस आणि मेन ए हलका ठेवायचा म्हणून पुष्कळ जण एच्या पहिल्या मात्रेवर नुसता ‘ना’ ठेवतात. त्यावर तिहाई आली की श्रोता समेची वाट पाहत राहतो. ए हलका करायचा तर आतल्या मात्रा हलक्या कराव्यात, समेला हात लावू नये.

दादरा सहा मात्रांचा, तो तीन-चारच्या दोन बारमध्ये सुखाने बसतो. रूपक बसत नाही. मी वापरलेल्या पीएसआर-एस वाद्यांच्या स्टाइल क्रिएटरमध्ये २/४, ३/४, ४/४ आणि ५/४ एवढीच मापं मिळतात. रूपकाची चार आवर्तनं २८ मात्रांची, म्हणजे चार-चारचे सात बार. नमुना ३२ बारपर्यंत लांब करता येत असल्याने हे सात बार भरता येतात आणि मेन नीट वाजतोही. पण फिल-इन चार मात्रांचा, आवर्तन सातचं. फिल-इन वाजला की सम हरवते. त्यामुळे रूपकाची स्टाइल संगणकावर, सात मात्रांचं माप लावून करावी लागते, आणि प्रत्येक सेक्शनच्या सुरुवातीला त्याच्या नावाची खूण अचूक लिहावी लागते. कष्टाचं काम आहे. पण रूपकातली किती सुंदर भावगीतं आज कीबोर्डवाले ओढूनताणून तीन-चारमध्ये वाजवतात! त्यांच्यासाठी हे कष्ट कोणीतरी करायलाच हवेत.

अरब देशांतल्या आणि तुर्कस्तानातल्या वादकांसाठी पाव स्वर लावता येतील, तिथले ठेके आणि वाद्यं असतील असे कीबोर्ड कंपन्या वर्षानुवर्षं काढत आल्या आहेत. भारतासाठीही यामाहाची पीएसआर-आय मालिका आणि कॅसिओची आयएन अक्षरं लावलेली मॉडेलं निघाली. पीएसआर-आय५०० मध्ये तबला-तानपुऱ्याची रियाजाची सोय आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण ‘भारतीय’ या एका खणात भजनी, धुमाळी, लावणी, गोव्याचा मांडो, कोळीगीत हे सगळं मावणार नाही. प्रत्येक ठिकाणच्या वादकाने आपापलं भरलं तरच ते येईल.

त्यासाठी बसावं लागतं ते तबलजी-ढोलकीवाल्यांजवळ. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास त्यांच्या शेजारी बसा, फक्त डावा हात पाहा. मग फक्त उजवा. परवानगी घेऊन फोनवर टिपून ठेवा आणि घरी निम्म्या वेगाने ऐका. त्यांच्या हातात जे आहे ते तुम्ही लिहून घेत आहात, हे त्यांना सांगा, आणि स्टाइल दुसऱ्याला देताना ठेका कोणाकडून घेतला ते नाव बरोबर द्या. आज स्टाइलच्या फायली पेनड्राइव्हवरून या हातातून त्या हातात जातात, कोणाच्या कष्टाच्या आहेत याचा पत्ता नसतो, विकणारेही आहेत. ज्याने रात्री जागून तो बायाँ बसवला त्याचं नाव पुसून फाइल पुढे देणं मला चोरीच वाटतं. आणि जिथे वादक बोलावणं शक्य आहे, तिथे वादकच बोलवावा. कीबोर्डवर रिदमचे दोन्ही पार्ट बंद ठेवून फक्त बेस आणि पॅड चालवता येतात. खऱ्या ढोलकीमागे आपली नेमकी बेस लाइन, हा या सगळ्या खटाटोपाचा मला सर्वांत आवडणारा उपयोग आहे. ज्या गावात भजनी मंडळाला तबलजी मिळत नाही, ज्या मुलीला घरी एकटीने रियाज करायचा आहे, परदेशात गणपतीत पाच माणसं आरत्या-भजनं म्हणायला बसली आहेत, तिथे स्टाइलने पूर्ण साथ करावी.

पुस्तक वाचताना कीबोर्ड समोर चालू असू द्या. पहिल्या प्रकरणात आपण फक्त मेन ए करणार आहोत, एका बारचा, ९० च्या लयीत, दोनच पार्ट: बायाँ आणि बेस. दायाँ मुद्दाम नाही. ते दोघे मिळून केरवा वाटायला लागेपर्यंत दुसऱ्या प्रकरणाकडे जाऊ नका. तिथे आपण ना घालणार आहोत.